माळावरची ताल

गेल्या वैशाखातली गोष्ट. दुपारी गॅसपाशी उभी राहून शेंगदाणे भाजत होते, तेवढ्यात धाकट्या भावाचा गावाहून फोन आला. "ताई, माळावरच्या वरच्या दोन पट्ट्या एक करतोय. ट्रॅक्टर वळायला जागाच ऱ्हात न्हाई. मधली ताल काढतो. उद्या जेसीबी येतोय. तुझं काय म्हणणं न्हाई न्हवं?" ताल म्हणजे उताराच्या रानात माती-पाणी धरायला घातलेला दगडी बांध. माझं काय म्हणणं असणार? हक्कसोडपत्रावर सही करून मला वीस वर्षांच्या वर झाली. त्याला विचारायची गरज नव्हती, तरी त्यानं विचारलं, त्याचंच बरं वाटलं. "कर की," म्हणाले. शेंगदाणे करपायला लागले होते. आणखी चार इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या, पाऊस कसा म्हणतोय, वहिनीचा गुडघा कसा आहे, आणि फोन ठेवला. सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं एक व्हिडिओ पाठवला. जेसीबीचा बकेट तालीला धडकतोय, दात दगडावर खरखरतायत, धुरळा उडतोय, पण दगड हलत नाही. यंत्र मागं येतं, पुन्हा जातं. मग यंत्राच्या आवाजावर चढून ड्रायव्हर ओरडून विचारतो, "कुणी घातलीय ओ ही? दगूड सुटंना!" भाऊ मोबाइल धरून हसत म्हणतो, "आमच्या पणज्यानं." तिथं व्हिडिओ संपतो. मी तो किती वेळा पाहिला ते मोजलं नाही. त्या ड्रायव्हरच्या आवाजात तक्रार नव्हती, चक्क आदर होता. दिवसाला चार ताली मोडणारा माणूस होता तो, त्याला दगड लावलेला कळत होता. आणि मी ज्यांची पणती, त्या मला ती शेंगदाणे भाजता भाजता 'मधली ताल' म्हणून कळली होती.

पणज्याला, म्हणजे आमच्या थोरल्या आबांना, मी पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच ते गेले. पण त्यांचं अस्तित्व घरात भरपूर होतं, कारण सोप्यात काचेच्या चौकटीत त्यांची तीन मेडलं टांगलेली होती. एक तांब्याच्या रंगाचा तारा, १९१४-१५ असं लिहिलेला. एक चांदीचं, त्यावर घोड्यावर बसलेला पुरुष. तिसऱ्यावर पंख असलेली बाई, तिला आम्ही पोरं परी म्हणायचो. तिची फीत इंद्रधनुष्यी होती, आता सगळे रंग मिळून चहाच्या डागासारखे झालेत. पाहुणे आले की आजोबांची ती चौकट दाखवायची पद्धत ठरलेली होती. "आमचं वडील बसऱ्याच्या लढाईत होतं." बसरा म्हणजे आताच्या इराकमधलं बंदर. पाहुणे मान हलवायचे. सातारा जिल्ह्यात हे ऐकून कुणी चकित होत नाही. अपशिंग्यासारख्या एका गावचे ४६ जण त्या पहिल्या महायुद्धात गेले ते परत आले नाहीत. कितीतरी गावांच्या चावडीत अजून दगडी पाटी आहे, या गावातून इतकी माणसं महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, बस्स. नाव एकाचंही नाही.

मेडलावर मात्र नाव असतं. हे आम्हाला कळायला नव्वदहून जास्त वर्षं लागली. घराला रंग देताना चौकट पडून काच फुटली, तेव्हा मेडलं पहिल्यांदा बाहेर आली आणि भाच्याला चांदीच्या मेडलाच्या कडेवर बारीक अक्षरं दिसली. मोबाइलचा टॉर्च धरून त्यानं एकेक अक्षर वाचलं: नंबर, मग शिपाई, मग थोरल्या आबांचं नाव, मग ११७ मराठाज. नावाचं इंग्रजी स्पेलिंग कुणा गोऱ्या कारकुनानं कानाला लागलं तसं केलेलं, आमचं आडनाव त्यात ओळखूसुद्धा येत नाही. पण ते होते. चार पिढ्या आम्ही मेडलाचं तोंड पाहत आलो, कड कधी फिरवली नाही.

११७ मराठाज म्हटल्यावर पुढचं सरकारी कागदांत आणि इतिहासात सापडतंच. ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमधली. ६ नोव्हेंबर १९१४ला इराणी आखाताच्या टोकाशी फाओला जी पहिली फौज उतरली, तिच्यात ती होती. तिथून बसरा, मग तैग्रिस नदीच्या काठाकाठानं वर, नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादच्या तोंडाशी टेसिफॉनपर्यंत. तिथं इतकी माणसं पडली की माघार घ्यावी लागली, आणि ती माघार कूत-अल-अमारा नावाच्या गावात येऊन अडकली. नदीनं तीन बाजूंनी वेढलेलं गाव, चौथ्या बाजूला तुर्कांचे खंदक. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. सोडवायला येणाऱ्या फौजा चिखलात आणि गोळीबारात रुतून पडत राहिल्या. आत धान्य संपत आलं तशी घोडी आणि खेचरं कापली गेली. हिंदी शिपायांनी ते मांस खायला बरेच दिवस नकार दिला. जवाच्या पिठावर भागवलं, ते पीठही शेवटी मुठीवर आलं. ताज्या भाजीअभावी होणारा स्कर्व्ही अंगावर उठला. माणसं नदीकाठचं गवत आणि रानभाज्या उपटून शिजवून खायची, त्यातली काही विषारी निघायची. मग जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली आणि सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली. हिंदी शिपायांतल्या पुष्कळांना वाळवंटातून चालवत रस-अल-ऐनपर्यंत नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेतच किती मेले.

हे सगळं मी मोठेपणी वाचलं. घरात यातलं काही बोललं जात नसे. आजोबा सांगायचे, कुणी बसऱ्याचा विषय काढला की थोरले आबा उठून गोठ्यात जायचे, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत बसायचे. पण आजीनं, म्हणजे त्यांच्या सुनेनं, एक गोष्ट मला दोन-तीनदा सांगितली होती. भांगलायला बाया रानात गेल्या की थोरले आबा बांधावर उभे राहायचे आणि तालीच्या कडेचा तांदुळजा, घोळ, पाथरी उपटू द्यायचे नाहीत. पिकातलं तण काढा, पण तालीवरचं राहू द्या. "ती खायाची हाय." बाया म्हणायच्या, आबा, भाकरीसंगं खाऊन खाऊन किती खाणार, एवढी भाजी कशाला? ते काही बोलायचे नाहीत. आजीला वाटायचं म्हाताऱ्याला भाजीची आवड. मी कूतबद्दल वाचत होते त्या रात्री दिवा मालवून झोपले, आणि ती घोळ डोळ्यांपुढं आली, तांबूस देठाची, मातीला चिकटून पसरलेली. मग झोप लागली नाही.

ते परत आले १९१९मध्ये. मधे घरी काय झालं होतं ते सांगायला हवं, कारण ताल तिथूनच सुरू होते. कूत पडल्यावर त्यांची काही खबर नव्हती. शिपायाचा पगार महिन्याला अकरा रुपये, त्यातली मनीऑर्डर यायची ती थांबली. भावकीनं धरून चाललं की माणूस गेला. वाटणी झाली. ओढ्याकाठची काळी, जिच्यात शाळू छातीएवढा यायचा, ती दोघा भावांत गेली, आणि थोरल्या आईला, म्हणजे माझ्या पणजीला, काहीतरी द्यायचं म्हणून माळ दिला. मुरमाड, उताराचा, शेळ्या चरायचा. तिनं तो घेतला. भांडली नाही, माहेरीही गेली नाही. मग १९१८ची मानमोडी आली. त्या तापानं गावात तिरडी उचलायला माणसं पुरत नव्हती. त्यात तिची चार-पाच वर्षांची मुलगी गेली, जिला बापानं तान्ही असताना सोडली होती. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. हे सगळं एकटीनं सोसून ती त्या माळाच्या एका कोपऱ्यात हुलगा पेरून राहिली. थोरले आबा दारात आले तेव्हा तिनं त्यांना ओळखलं नाही, पाणी द्यायला बाहेर आली ती परका माणूस समजून. यापुढचं आजोबांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

मला माझी ती सही आठवते. तहसीलमधलं बाकडं, निळ्या शाईचा पॅड, आणि वडिलांचं खाली बघणं. मी आनंदानं केली होती सही, आजही वाईट वाटत नाही. पण थोरल्या आईच्या वाट्याला आलेला माळ तिच्या नावावर कधी झालाच नाही, हे मात्र आताशा खुपतं. सातबाऱ्यावर थोरले आबा, मग आजोबा, मग वडील, आता भाऊ.

आमचा भाग खटाव-माणच्या सीमेवरचा. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, आणि तोही एकदम चार दणक्यांत. असा पाऊस उताराच्या माळावर पडला की थांबत नाही, असेल ती माती घेऊन ओढ्याला जातो. म्हणून ताली घालायच्या, हे आमच्याकडं पूर्वापार माहीत आहे. थोरले आबा बसऱ्याहून काहीतरी शिकून आले आणि त्यांनी माळाचं सोनं केलं, असं सांगायचा मोह मला होतो, गावात काहीजण सांगतातही. कूतच्या वेढ्यात तैग्रिसला पूर आला होता, खंदकांत पाणी शिरलं होतं, शिपायांनी रात्रंदिवस मातीचे बांध घातले होते, हे खरं आहे. पण पाणी बाहेर ठेवायला घातलेला बांध वेगळा आणि पाणी आत धरायला घातलेली ताल वेगळी. त्यांनी तिथून आणलं असेल तर ते खणायचा हात, आणि खणताना कंटाळा न येणं. बाकीचं त्यांना बापाकडून आलं होतं.

ताल घालायची त्यांची रीत आजोबांनी मला माळावर उभं करून दाखवली होती. मी तेव्हा सातवीत असेन. पहिल्या वर्षी त्यांनी एकही दगड लावला नाही. वळवाचा पाऊस लागला की घोंगडं पांघरून माळावर जायचे आणि उतारावर बसून राहायचे. पाणी कुठनं पळतंय, कुठं वळतंय, कुठं दोन ओघळी एक होतायत, ते बघायचं आणि तिथं एक दगड खुणेला ठेवायचा. गावाला वाटलं, बसऱ्यानं डोकं फिरलं. पुढच्या उन्हाळ्यात त्या खुणा धरून पाया खणला, मुरूम फोडून घट्ट लागेपर्यंत, हातभर तरी खोल. तळात सगळ्यात मोठे दगड, दोघांनी पहारीनं सरकवत आणलेले. दगडाचं तोंड बाहेर, शेपूट आत, आणि प्रत्येक दगड किंचित आतल्या अंगाला कलता. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा एक दगड, सांध्यावर सांधा कधी येऊ द्यायचा नाही. फटीत कपच्या, सुतकीनं ठोकून. पाठीमागं मुरूम, त्यावर माती. आणि एका टोकाला सांड, जास्तीचं पाणी शिस्तीत खाली उतरायला, तिच्यावर सपाट चिपा अंथरलेल्या. "पाणी आडवायचं न्हाई, बशिवायचं," असं ते म्हणायचे म्हणे. आजोबांनी मला एका दगडावर उभं केलं आणि म्हणाले, उड्या मार. मी मारल्या. दगड बोलला नाही. "बघ," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मेडलांची चौकट दाखवताना कधी येत नसे.

अशा सात ताली, माथ्यापासून सुरू करून खाली. दर उन्हाळ्याला एक, कधी अर्धीच. थोरली आई पाटीनं मुरूम वाहायची, आजोबा पोटात असतानाही. ताल घातली म्हणजे लगेच जमीन होत नाही. वरून वाहून येणारा गाळ तिच्या पोटात साठायला तीन-चार पावसाळे जातात, तोवर तिथं मटकीसुद्धा धड येत नाही. मधेच त्यांनी चढलेल्या पगारातून उरलेल्या पैशांत किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आणला. किर्लोस्करवाडी वसली १९१०मध्ये, पण लोखंडानं जमिनीला विष चढतं ही समजूत आमच्या बाजूला त्यानंतरही पुष्कळ वर्षं होती. गावात तो नांगर पहिला की दुसरा यावर अजून वाद आहे. त्याला चार बैल लागायचे, दोन आपले, दोन सावडीचे. हरळीची मुळं त्या नांगरानं जेव्हा पहिल्यांदा उलटी होऊन उन्हात पडली, तेव्हा ज्या भावांनी काळी ठेवून घेतली होती त्यांतला एक बांधावर येऊन बराच वेळ उभा राहिला, आणि न बोलता गेला. पुढच्या वर्षी तो नांगर मागायला आला. थोरल्या आबांनी दिला.

१९७२च्या दुष्काळात गावातल्या विहिरी तळाला गेल्या, माझी आजी आणि आई खडी फोडायला कामावर गेल्या, सुकडी खाल्ली. पण माळाच्या खालच्या विहिरीत घागर बुडेल एवढं पाणी राहिलं होतं, आणि आजी शेवटपर्यंत म्हणत असे की ते तालींचं पाणी. आता गावोगाव उन्हाळ्यात लोक श्रमदान करतात, समतल चर खणतात, शहरातली पोरं येऊन टिकाव मारतात. मी स्वतः एका महाराष्ट्र दिनाला असं दिवसभर खणून आले होते, परक्या गावात, हाताला फोड येईपर्यंत. त्याच्या फोटोला आलेल्या कौतुकाचं सुखही घेतलं होतं. आणि घरच्या तालीला 'कर की'.

भावाला दोष देत नाही. मजूर मिळत नाही, बैल आमच्या दावणीला पंधरा वर्षांत नाही. पट्टी अरुंद, ट्रॅक्टर वळवायचा तर दर फेरीला मागं-पुढं करावं लागतं, डिझेल जळतं. शेतात राबतो तो, निर्णयही त्यानंच घ्यायचा. व्हिडिओ पाहून मी फोन केला तर म्हणाला, "ताई, मलाबी कसंतरी झालं गं. पर आता झालं."

ज्येष्ठ लागल्यावर मी गावी गेले. आदल्याच रात्री वळीव झाला होता. एस.टी. फाट्यावर सोडते, तिथून माळापर्यंत डांबरी रस्ता आहे, आणि रस्त्याच्या वळणावर माझी चप्पल रुतली. डांबरावर माती होती. बोटभर जाड, मऊ, तांबूस-काळी, सायीसारखी पसरलेली, ट्रॅक्टरच्या चाकांनी तिच्यात दोन रेघा ओढलेल्या. चिमूट उचलून बोटांत चोळली. खडा लागला नाही. शंभर वर्षांत त्या तालीनं धरून ठेवलेला गाळ होता तो. मी तिथंच उभी राहिले. एक मोटरसायकलवाला थांबून म्हणाला, मावशी, बरं वाटत न्हाई का?

माळावर भाऊ आधीच होता. सलग केलेल्या पट्टीत वरून खालपर्यंत एक ओघळ गेली होती, गुडघाभर खोल, तळात पुन्हा तोच जुना मुरूम उघडा पडलेला. आणि खालची ताल, तिसरी, जिच्यावर आता दोन तालींचं पाणी आलं होतं, ती मधोमध फुगली होती. पडली नव्हती. भाऊ तिच्या पायाशी उकिडवा बसून बघत होता. त्यानं मला हाक मारली नाही, मीही काही बोलले नाही. मोडलेल्या तालीचे दगड कडेला ढीग घालून ठेवले होते. एकजण घराच्या पायासाठी ब्रासच्या हिशोबानं मागून गेला होता, हे मला वहिनीनं फोनवर सांगितलं होतं. "त्याला न्हाई म्हणून सांगितलं," भाऊ ढिगाकडं न बघताच म्हणाला.

थोड्या वेळानं पश्चिमेकडून पुन्हा भरून आलं. मी म्हटलं, घरी चल, भिजशील. तो उठला, पण घराकडं वळला नाही. "आजोबा दाखवायचं तुला, मला कधी दाखवलं न्हाई," तो म्हणाला. "मी लय बारका हुतो. पाया कुठनं धरायचं ते?" मी म्हटलं, आधी पाया नाही, आधी पाऊस बघायचा. त्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात थेंब आले, मोठे, मातीत खड्डे पाडणारे. गोणपाटाची खोळ त्यानं माझ्या डोक्यावर टाकली आणि स्वतः तसाच चढ चढून माथ्याकडं गेला. मी खाली, ओघळीच्या कडेला. पाणी लागलीच सुरू झालं, आधी नुसती चमक, मग बोटाएवढी धार, मग दोन धारा. त्यानं ढिगातला एक दगड उचलून आणला होता, तो छातीशी धरून उभा होता. "तिथनं बघ, वळतंय कुठं?" वरून तो ओरडला.

"आणखी थोडं वर," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून हात करून दाखवलं.